शेवटच्या दारापर्यंत

काल जिल्ह्याहून पत्र आलं. शेजारच्या राज्यातल्या जिल्ह्यांशी चांगल्या प्रयोगांची देवाणघेवाण करायची आहे, तरी प्रत्येक तालुक्याने शाश्वत विकासाची एक यशोगाथा दोन दिवसांत पाठवावी. अशी पत्रं नेहमी दोनच दिवस देतात. आमच्या पंचायत समितीतल्या लिपिकाने डोकं चालवलं, कपाटातून एक जुनी यशोगाथा काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, "मॅडम, ही तुमचीच आहे, गाजलेली. नुसती तारीख बदलू."

पहिल्याच पानावर फोटो होता. कालव्याचं एक छोटं लोखंडी दार, त्याला बांधलेली कडुनिंबाची डहाळी आणि ती बांधणारा हात. माणूस नाही, नुसता हात. बाकीचा माणूस मीच कापला होता, कारण त्याच्या बनियनला भोकं होती आणि साहेब म्हणाले होते की हे बाहेरच्या राज्यात जाणार आहे. तो हात मगन आप्पांचा. आप्पा आता नाहीत. हे लिहायला बसले ती त्यांचा राहिलेला भाग परत जोडता येतो का ते बघायला. यशोगाथा लिहायचा सराव आहे, हे मात्र कसं लिहितात ते मला ठाऊक नाही.

आप्पा पाटकरी होते. शहाद्याकडून सारंगखेड्याच्या बाजूला जाताना एक गाव लागतं, तिथे सातपुड्यातून येणाऱ्या नदीवरच्या लहानशा धरणाची चारी, म्हणजे छोटा कालवा, येते. या चारीचं पाणी कुणाला, कधी आणि किती वेळ द्यायचं हे पाहणारा माणूस म्हणजे पाटकरी. गावातली गुजर मंडळींची शेतं चारीच्या सुरुवातीला, रस्त्याच्या कडेला. तिथे केळी, ऊस, पांढरी स्वच्छ घरं. चारी पुढे खाली खाली जात संपते तिथे भिल्ल कुटुंबांचे एकेक, दीड-दीड एकराचे तुकडे. आप्पा स्वतः गुजर, म्हणजे रस्त्याकडचे. त्यांची सगळी भाऊबंदकी पहिल्या चार दारांवर, आणि पहिलं दार तर सख्ख्या चुलतभावाचं, अंबालालचं.

धरणातून ठरावीक दिवसांसाठी पाणी सुटतं, त्याला आवर्तन म्हणतात. आवर्तन सुटलं की कुठल्याही चारीवर सुरुवातीचे लोक आधी भिजवून घेतात आणि शेवटपर्यंत पोचतो तो ओलावा. आप्पांकडे उलटं होतं. पाणी आधी शेवटच्या दाराला, मग वर वर सरकत रस्त्याकडे. ज्या दाराची पाळी त्या दाराला ते कडुनिंबाची ताजी डहाळी बांधत. डहाळी नसलेल्या दाराला कुणी हात लावायचा नाही. दारांना कुलपं नव्हती, वही नव्हती, पावती नव्हती. तीस वर्षं एवढ्या डहाळीवर ती चारी चालली होती.

मी पहिल्यांदा गेले ती नवी नवी विस्तार अधिकारी म्हणून, हातात फाईल आणि पायात टाचेच्या चपला. आप्पा बांधावर उभे होते. फावडं खांद्यावर, आणि फावड्याच्या दांड्याला त्यांच्या चपला लटकलेल्या. मी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"चपला काढी ल्या ताई. बांध कोठे झिरपस ते पायले समजस, चपलाले नही."

मी धुळ्याची, अहिराणी मला घरची. तरी ऑफिसची माणसं आपल्याशी प्रमाण भाषेत बोलणार अशी सवय लागलेली असते, त्यामुळे जरा रागच आला. पण काढल्या. शंभरेक पावलं चालल्यावर खरंच एका जागी पायाला गारवा लागला. आप्पांनी फावड्याने तिथे दोन ढेकळं दाबली आणि पुढे चालायला लागले. मी तिथूनच मागे फिरले. पुढे अजून तीनेक किलोमीटर होतं आणि माझी मीटिंग होती.

आवर्तन सुरू असताना चहाची त्यांची एक रीत होती. पाणी ज्या दारावर, चहा त्या दारावाल्याकडे. म्हणजे पहिला चहा शेवटच्या दाराच्या मोगीबाईकडे, बिनदुधाचा, आणि शेवटचा अंबालालच्या ओट्यावर, दुधाचा. मधल्या दिवसांत अंबालालच्या बायकोने कितीही हाका मारल्या तरी ते ओट्याला पाय लावत नसत. ती बिचारी कपबशी घेऊन फाटकापर्यंत यायची आणि तशीच परत जायची. तिने माझ्याकडेही एकदा तक्रार केली होती की दिराला भावजयीच्या हातचं कडू लागतं.

अंबालालच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट गावात सगळे सांगत. लग्नघाईत त्यांना केळी आधी भिजवून घ्यायची होती, मग आठ दिवस शेताकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. दोन दिवस पाळी पुढे घ्या, एवढंच मागणं. आप्पांनी नाही म्हटलं. अंबालाल म्हणाले, भाऊ म्हणून मागतोय. त्यावर आप्पांचं उत्तर ठरलेलं असे.

"पानी सोडतांना मी कोनाच भाऊ नही."

आणि लग्नात हाच माणूस तीन दिवस खपला. मांडवाचे बांबू यांनी रोवले, पंगतीत वाढायला हे, मुलगी निघाली तेव्हा बापाआधी रडले तेही हेच. अंबालाल महिनाभर बोलले नाहीत, नंतर आपसूक बोलायला लागले. गुजर आळीत आप्पांना हेकट म्हणायचे, पण कुणी दार उघडलं नाही. भावाला दिलं नाही तर आपल्याला काय देणार, असा सरळ हिशोब होता.

मोगीबाईबद्दल मला जे माहीत ते आप्पांच्या तोंडून. चारीला पाणी भरवशाचं झाल्यापासून ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला जायचे थांबले होते. पूर्वी दिवाळी झाली की घराला कडी घालून सहा महिने गुजरातेत. आता हिवाळ्यात ती गहू लावायची. आप्पांना याचं फार अप्रूप होतं. अमुक हेक्टर भिजलं असं मी विचारायची, ते सांगायचे की मोगीचं दार यंदाही उघडं आहे. मी एकदा त्यांना शाश्वत विकास म्हणजे काय ते समजावलं होतं, की मागून येणाऱ्यांसाठी शिल्लक राहील असं वापरायचं. ते म्हणाले की मग मागच्यापासूनच सुरू करावं, त्यात समजवायचं काय. मला ते वाक्य फार आवडलं. ते मी यशोगाथेत माझं म्हणून घातलं.

यशोगाथा वर गेली आणि गाजली. 'कडुनिंबाची डहाळी : लोकसहभागातून न्याय्य पाणीवाटप.' साहेबांनी तिचं सादरीकरण करून घेतलं, आणि एक दिवस कळलं की गुजरातमधले अधिकारी पाहायला येणार आहेत. दोन राज्यांतल्या जिल्ह्यांनी एकमेकांकडून शिकायचं अशी ती योजना होती. आमच्या तालुक्यातून निवडलेला प्रयोग एकच, माझा. मी नवी साडी घेतली, खोटं कशाला सांगू.

अडचण अशी होती की पाहुणे यायचे होते आवर्तनाच्या पहिल्याच दिवशी. आप्पांच्या रीतीप्रमाणे त्या दिवशी पाणी शेवटच्या दाराला असणार. रस्त्याकडची सगळी दारं बंद. पाहुण्यांना दिसणार काय, तर वाहून जाणारी चारी. साहेब म्हणाले, डहाळी बांधलेल्या दारातून शेतात पाणी पडताना दिसलं पाहिजे, फोटो त्याचाच येतो. शेवटपर्यंत गाडी जात नाही आणि जेवण दीडला सांगितलंय. तेव्हा पहिलं दार उघडायला लावा, तुमचं ऐकतात ते.

मी गेले. आप्पांना सांगितलं, एकच दिवस, दोन तासांचं काम. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "मंग त्यासले चालत लई जा ना, शेवटला दारलगून."

मी म्हटलं, आप्पा, मोठी माणसं आहेत, बांधावरून कशी चालतील. त्यांनी फावडं उचलून खांद्यावर घेतलं. मग मी माझ्याकडचं शेवटचं काढलं. चारीच्या शेवटच्या भागाला सिमेंटचं अस्तर व्हावं हे त्यांचं जुनं मागणं होतं. तिथे कच्च्या मातीत निम्मं पाणी जिरायचं. मी म्हटलं, भेट चांगली झाली की अस्तराचं काम मंजूर होणार आहे.

"अस्तर व्हई का नक्की?"

"मी सांगते ना," मी म्हटलं.

साहेब फक्त एवढं म्हणाले होते की बघू. ते कसं म्हणाले होते तेही मला आठवत होतं, फोनवर दुसऱ्याशी बोलता बोलता. मी तेवढ्याचं नक्की केलं.

आप्पांनी फावडं जमिनीवर टेकवलं. "तुम्ही सांगतस म्हनीसन बांधस."

त्या दिवशी सकाळी आप्पांनी अंबालालच्या दाराला डहाळी बांधली. दहाला पाणी केळीत पडायला लागलं. अकराला साहेबांचा फोन आला, पाहुण्यांची गाडी वाटेत बिघडली, आज येत नाहीत, उद्या येतील. आता दार बंद करू या, असं आप्पा म्हणाले. मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले की बंद करून उद्या पुन्हा उघडणं नको, शेत भरलेलं दिसू द्या. मी तेच आप्पांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेही दुपारी. दोन दिवस सगळं पाणी अंबालालच्या केळीत पडत होतं. अंबालाल स्वतः चकित होऊन ओट्यावर बसले होते. त्यांच्या बायकोने आप्पांना चहा आणला, आप्पांनी घेतला नाही.

पाहुणे खूश झाले. त्यांच्यातल्या एक बाई अधिकारी फार बारकाईने विचारत होत्या. डहाळी कडुनिंबाचीच का, शेवटच्या दारापासून का. उत्तरं मी दिली. त्यांनी आप्पांनाही काहीतरी विचारलं, तर मी मध्येच म्हटलं की ते जरा कमी बोलतात. मग मी सांगितलं तसा आप्पांनी डहाळीला हात लावला आणि फोटो निघाला. तोच तो फोटो, यशोगाथेच्या पहिल्या पानावर मी नंतर घातलेला.

त्या आवर्तनात पाणी वेळापत्रकाप्रमाणे वरून बंद झालं. ते ना आप्पांच्या हातात होतं ना माझ्या. वर गेलेले दोन दिवस खालच्या तीन दारांचे होते, आणि पुढचे दिवस मधल्या दारांना वाटलेले. खालच्या तीन दारांना जेमतेम रान ओलं होण्याइतकं मिळालं. गहू ओंबीत भरायच्या वेळी तसाच उभा राहिला आणि वाळला.

आता सांगते ते मला तेव्हा सुचलं नव्हतं आणि सुचायला हवं होतं. पहिलं दार आप्पांच्या भावाचं होतं. पाहुणे, सादरीकरण, अस्तर यातलं खालच्या लोकांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पाहिलं ते एवढंच की तीस वर्षांनी आप्पांनी डहाळी आपल्या भावाच्या दाराला बांधली, आणि तीही पहिल्या दिवशी. वरच्या लोकांनीही तेच पाहिलं. अंबालालला मिळतं तर मग आपल्याला का नाही. पुढच्या आवर्तनात दुसऱ्या दारावाल्याने डहाळी नसताना दार उघडलं. आप्पांनी बंद केलं, त्याने पुन्हा उघडलं. ते सांगायला गेले तर तो म्हणाला की आधी भावाला सांगा. महिन्याभरात शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेने दारांना कुलपं लावली. किल्ल्या अध्यक्षांकडे, म्हणजे रस्त्याकडच्या घरात.

आप्पा एक वाक्य बोलले असते, पंचायत समितीच्या बाईंनी सांगितलं म्हणून बांधली, तर निदान त्यांचं नाव राहिलं असतं. ते बोलले नाहीत. मी रोज वाट बघत होते की ते येतील, ओरडतील, न झालेल्या अस्तराचं विचारतील. ते आले नाहीत, आणि मी गेले नाही. एक साधी ग्रामसभा घेऊन मी उभी राहून सांगू शकत होते. ग्रामसभा घेणं माझ्या कामातच बसत होतं. मी इतर विषयांवर दोन घेतल्या.

मोगीबाईला मी एकदाच पाहिलं. अर्ध्या हंगामात ऊसतोडीचा ट्रक रस्त्यावर थांबला होता, अगदी पहिल्या दाराशी. टोपली, हंडे, पाय बांधलेली एक कोंबडी. आप्पा खाली उभे राहून तिच्या हातात पिशवी देत होते. माझ्या चालकाने सांगितलं की ही शेवटच्या दाराची बाई. मी गाडीची काच वर केली. ऊन येत होतं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, पण ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

तीन पावसाळे गेले. मला प्रमाणपत्र मिळालं होतं, ते कार्यालयात टांगलेलं होतं. मग गुजरातहून निमंत्रण आलं, आता तुम्ही आमच्याकडे या. त्या बाई अधिकाऱ्यांनी आठवणीने लिहिलं होतं की डहाळीवाल्या काकांना जरूर आणावं. साहेब बदलले होते, नव्या साहेबांना काही माहीत नव्हतं, ते म्हणाले आणा. आप्पा नाही म्हणतील अशी मी आशा धरून त्यांच्या घरी गेले. ते धुतलेलं धोतर आणि टोपी घालून दुसऱ्या दिवशी फाट्यावर माझ्याआधी हजर होते. जीपमध्ये आम्ही पिकांवर बोललो, दुसरं काही नाही.

ते गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. तिथल्या पाटकऱ्याने आमचं स्वागत केलं आणि पहिलीच गोष्ट सांगितली, की आधी शेवटच्या दाराला जाऊ, चालायला लागेल. सोबत आलेल्या नव्या साहेबांनी बुटांकडे पाहिलं, पण सगळे निघाल्यावर तेही निघाले. आप्पांनी चपला काढून हातात घेतल्या. त्या पाटकऱ्याने ते पाहिलं आणि त्यानेही काढल्या. शेवटच्या दाराला डहाळी होती, कडुनिंबाची नव्हे, पळसाची, कारण त्यांच्याकडे पळस जास्त. पाणी एका छोट्या हरभऱ्याच्या तुकड्यात पडत होतं. हे सगळं त्यांनी माझ्या सादरीकरणावरून केलं होतं. त्यात लिहिलेलं सगळं त्यांनी खरं मानलं होतं.

झाडाखाली बसल्यावर तिथल्या एका बाईने आप्पांना विचारलं की तुमच्याकडे कधी पाळी मोडली का. आप्पा त्यांच्या घरच्या गुजरीत बोलले, ती गुजरातीला जवळची, सगळ्यांना कळत होतं. ते म्हणाले, एकदा मोडली, मीच मोडली. पाहुण्यांना दिसावं म्हणून वरच्या दाराला डहाळी बांधली आणि शेवटच्या दाराची बाई घराला कडी घालून गेली. तेव्हापासून आमच्याकडे कुलपं आहेत. तुमच्याकडे कुणी बघायला आलं तर असंच चालवत आणा.

त्या बाई अधिकारी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना बहुतेक तो दिवस आठवला असावा. मग विचारणाऱ्या बाईनेच पुढचं विचारलं, तसं करायला कुणी सांगितलं होतं?

आप्पांनी तेव्हाही माझ्याकडे पाहिलं नाही. या वेळी मात्र ते आपल्या अहिराणीत बोलले, जणू तेवढं उत्तर त्यांना तिथल्या कुणासाठी द्यायचं नव्हतं.

"कोनी नही. डहाळी मन्हा हातमा व्हती."

मी तिथे बसले होते, त्यांच्यापासून दोन हातांवर. वही उघडी होती. बोलायला एक क्षण पुरला असता. मी वहीत तारीख लिहिली आणि खाली लिहिलं, चर्चा उपयुक्त झाली. नंतर मी अहवाल दिला, त्यातही तेच आहे. त्या दौऱ्यात दुसऱ्या राज्याला सांगण्यासारखी एकच गोष्ट सांगितली गेली होती आणि तीच अहवालात नाही.

परतताना आप्पांनी गाव यायच्या आधी, चारी रस्त्याला मिळते तिथे जीप थांबवायला सांगितली. साहेब पुढच्या गाडीत निघून गेले होते. आप्पा उतरले. पहिल्या दाराला कुलूप होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. चपला काढल्या. फावडं आता त्यांच्याकडे नसायचं, म्हणून त्या हातातच धरल्या. बांधावर चढून ते थांबले आणि वळले.

"ताई, येतस का? शेवटला दारलगून."

त्या चारीवर मी यशोगाथा लिहिली होती, सादरीकरण केलं होतं, प्रमाणपत्र घेतलं होतं, आणि शेवटचं दार मी कधी पाहिलं नव्हतं. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं, आप्पा, पुन्हा कधीतरी, आज उशीर झालाय.

दुपारचे चार वाजले होते.

ते बरं म्हणाले आणि निघाले. चारी कोरडी होती, तरी ते बांधावरूनच चालत होते, मध्येच एखाद्या जागी थांबून पायाने दाबून बघत. चालकाने विचारलं, थांबायचं का मॅडम. मी म्हटलं, चला. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. उन्हाळ्यात ते गेल्याचं अंबालालनी कळवलं तेव्हा मी प्रशिक्षणाला बाहेर होते.

लिपिक सकाळपासून दोनदा येऊन गेला. तारीख बदलून प्रत तयार आहे, फक्त सही हवी. मी त्याला उद्या दुपारी ये म्हटलंय आणि गाडी नको म्हणून सांगितलंय. आवर्तन सुटलेलं नाही, चारीवर बघण्यासारखं काही असणार नाही, कुलपं असतील आणि मोगीबाईच्या घराला कडी असेल. तरी उद्या सकाळी फाट्यावर उतरून चालत जाणार आहे. साडेतीन किलोमीटर आहे म्हणतात. मला नक्की माहीत नाही.